साहेबांच्या झाडाला हात लावू नये

शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी त्यावर फुलं, देव आणि गुडघेदुखीचे उपाय यांचा मारा असतो, म्हणून मी तो सहसा उघडत नाही. त्या दिवशी उघडला आणि पस्तावले. कुणीतरी आमच्या गावच्या नगरपरिषदेच्या बागेचा फोटो टाकला होता. बागेचं म्हणे सौंदर्यीकरण झालं. फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटचा फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘उद्यानाचा इतिहास’. आणि फोटोखाली हसून लोळणारे चेहरे, सात-आठ जणींचे.

मी नागपुरात, धरमपेठेतल्या माझ्या घराच्या गॅलरीत चहा घेत बसले होते. एवढं हसण्यासारखं काय आहे म्हणून फोटो मोठा केला. वर अध्यक्षांची नावं, सभापतींची नावं, कुणाच्या कार्यकाळात कारंजं झालं, कुणाच्या कार्यकाळात फरशा बसल्या. मग शेवटचा परिच्छेद. तो मी इथे जसाच्या तसा देते, कारण तो मला पाठ झाला आहे.

‘उद्घाटनप्रसंगी मान्यवरांच्या शुभहस्ते संत्र्याचे रोप लावण्यात आले होते. परंतु तत्कालीन माळ्याने ते अस्सल कलम परस्पर विकून त्या जागी जंबेरी लावली, असे म्हणतात. आजही या झाडाला संत्र्यांऐवजी जंबेऱ्या लागतात!’

तो तत्कालीन माळी म्हणजे माझे वडील.

मी कप खाली ठेवला. ठेवला नसता तर फोनवर फेकला असता. ‘असे म्हणतात’ म्हणे. कोण म्हणतं? कधी म्हणालं? चोरीचा आळ घ्यायचा, तो दगडात कोरायचा आणि शेवटी ‘असे म्हणतात’ लावून हात वर करायचे. आणि वर उद्गारचिन्ह! त्या उद्गारचिन्हाचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. उद्गारचिन्ह कुठे द्यायचं ते मला कळतं.

इतिहासच पाहिजे असेल तर मी सांगते.

बाग झाली ती जागा म्हणजे मुरमाची पडीक जमीन. बाजाराच्या दिवशी तिथे बैल बांधायचे. नगरपरिषदेनं ठराव केला की इथे बाग करायची, आणि ठरावापलीकडे त्यांनी जे केलं ते एवढंच, की माझ्या वडलांना माळी म्हणून ठेवलं. बाबा मूळचे शेतकऱ्याघरचे. आमच्या भागात घरटी संत्र्याची झाडं, पण आजोबांची जमीन चार भावांत वाटली गेल्यावर धाकट्याला तुकडा आला तो पोटापुरताही नव्हता. त्यांच्याकडे एक हुन्नर मात्र होता. ते डोळे भरायचे.

डोळे भरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवतात. जंबेरी म्हणजे आंबट, जाड सालीचं, खडबडीत फळ, पण मुळं कणखर. ते रोप बोटाएवढं जाड झालं की बुडापासून वीतभर उंचीवर साल चिरून त्यात संत्र्याच्या फांदीचा एक डोळा बसवतात आणि बांधतात. तो फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. खाली मुळं जंबेरीची, वर झाड संत्र्याचं. बाबांनी भरलेला डोळा वाया जात नाही असं लोक म्हणायचे. पावसाळा सरला की आजूबाजूच्या मळ्यांतून त्यांना बोलावणी यायची, आणि नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी ते जायचे. त्यांचा तो चिमुकला मिटायचा चाकू आईसुद्धा भाजीला घ्यायची नाही.

तर त्या मुरमात या माणसानं बाग केली. सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खड्डे खणले. एका खड्ड्याला अख्खा दिवस जायचा, कारण वीतभर खाली गेलं की सब्बल ठणकन वाजून परत यायची. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातली काळी माती बैलगाडीनं आणून खड्डे भरले. नागपूरला काही काम निघालं की येताना सिव्हिल लाइन्सकडच्या बंगल्यांच्या माळ्यांकडून बोगनवेलीच्या काड्या मागून आणायचे, ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कुंपणाला मेंदी लावली. मे महिन्यात आमच्याकडे काय ऊन असतं ते विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. बाबांनी एकेका रोपावर तुराट्यांची झोपडी उभी केली होती, आणि आम्ही भावंडं त्या झोपड्यांमधून झारीनं पाणी घालत फिरायचो. फलकावरच्या सभापतींपैकी एकालाही मी त्या उन्हात तिथे पाहिलेलं नाही.

दोन वर्षांनी बाग बागेसारखी दिसायला लागली आणि मग नगरपरिषदेला उद्घाटन आठवलं. नागपूरहून मोठे साहेब यायचे होते. संत्र्याचा मुलूख म्हणून संत्र्याचं झाड लावायचं ठरलं. कलम कुठून आणायचं? बाबांनीच आणलं, त्यांनी स्वतः डोळा भरलेलं, मळ्यात जाऊन पन्नासांतून निवडलेलं. आणि म्हणे विकलं! स्वतःच्या हातानं केलेलं रोप, जे मागितलं असतं तर कुणीही त्यांना दहा दिले असते, ते त्यांनी चोरून विकलं. एवढा साधा विचारही कुणाला करावासा वाटला नाही.

साहेब आले, त्यांनी माती लोटली, पाणी घातलं, टाळ्या झाल्या. कारंजं उडालं, ते तेवढंच उडालं. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांच्या डोक्यात आलं की साहेबांच्या झाडाला शेळीनं तोंड लावलं तर काय घ्या. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, माल नागपूरच्या इतवारीतून यायचा, आणि झाडाझुडपाशी त्यांचा संबंध पत्रावळीपुरता. त्यांनी रोपाभोवती पुरुषभर उंच लोखंडी पिंजरा बसवला. पिंजऱ्याला दार, दाराला कुलूप आणि किल्ली ऑफिसात हेडक्लार्कच्या खणात. पिंजऱ्यावर पत्र्याची पाटी : ‘साहेबांच्या झाडाला हात लावू नये.’ माळ्यानंही नाही. बाबा बाहेरून झारीची चोच गजांतून आत घालून पाणी द्यायचे.

पुढच्या पावसाळ्यात ते झालं जे कुठल्याही कलमाला होतं. डोळ्याच्या खालून, जंबेरीच्या खुंटातून फुटवे निघाले. त्यात काही विशेष नाही. आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं की असे फुटवे दिसले की लगेच खुडायचे, कारण ते जोरकस असतात, वरच्या संत्र्याचा सगळा रस पिऊन टाकतात आणि त्याला मारतात. अंगठ्यानं मोडायचं काम. दोन क्षणांचं. बाबांनी मला पिंजऱ्यापाशी नेऊन दाखवलं होतं. गजांतून एक पान ओढून माझ्या तळहातावर चोळलं. “वास घे. निंबासारखा येऊन राहिला ना? काटे पाह्य केवढे मोठे. हे जंबेरी आहे, माय. हे आता वरच्याले खाऊन टाकते.”

ते ऑफिसात गेले. शाळा सुटून मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून हे संभाषण माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“साहेब, झाडाले खालून जंबेरीची फूट निघाली,” बाबा हेडक्लार्कला म्हणाले. “किल्ली द्या, खुडून टाकतो. नाही तं संत्रा मरते.”

“पाटी वाचता येते ना तुले?”

“वाचता येते, म्हणूनच इचाराले आलो.”

“उद्या तू कापलं अन झाड वाळलं, तं मी साहेबाले काय सांगू? माळ्यानं कापलं म्हणून?”

“नाही कापलं तं वाळन, साहेब.”

“मंग आपोआप वाळू दे,” हेडक्लार्क म्हणाले. “आपोआप वाळलं तं कोणावर येत नाही.”

हे वाक्य मी आयुष्यात नंतर कितीतरी ऑफिसांत, वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

मग लेखी मागा म्हणाले. बाबांचं अक्षर अडखळत यायचं, म्हणून अर्ज मी लिहिला, वहीचं मधलं पान फाडून, शाळेतल्या पत्रलेखनाच्या पद्धतीनं, ‘आपला आज्ञाधारक’ वगैरे. त्या अर्जाचं काय झालं ते देव जाणे. आठ दिवसांनी बाबा नगराध्यक्षांच्या दुकानात गेले. अध्यक्ष बागेकडून रोज येता-जाता झाड पाहायचे आणि खूश होते. का खूश होते? तर झाड झपाट्यानं वाढत होतं! जंबेरी वाढत होती, आणि यांना वाटत होतं साहेबांच्या हाताचा गुण. “काहून रडून राहिला गा?” ते बाबांना म्हणाले. “पाहा ना, कसं जोरात आहे! दुसरं कोणतं झाड असं वाढलं बागेत?”

त्यांचं एक वेळ सोडा, भांडीवाले होते. पण नगरपरिषदेत बाकीचे निम्मे सदस्य संत्र्याचे बागायतदार होते. स्वतःच्या मळ्यात फुटवा ठेवला म्हणून गड्याला शिव्या घालणारी ही माणसं संध्याकाळी बागेत बाकावर बसायची, पिंजऱ्याकडे पाहायची, आणि मान वळवून पानाची पिंक टाकायची. एकानं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, “तुझं खरं आहे गा. पण मी काहून बोलू?” तो बिचारा निदान खरं बोलला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. वर्षभरात संत्र्याचा शेंडा वाळला. पिंजऱ्यात उरली ती जंबेरी, हिरवीगार.

पाच-सहा वर्षांनी तेच मोठे साहेब पुन्हा गावात आले. तोवर झाड पिंजऱ्याच्या वर गेलं होतं आणि फळांनी लगडलं होतं. मी शाळेच्या स्वागतगीताच्या रांगेत होते, पांढरा झगा, दोन वेण्या. भाषणं झाल्यावर साहेब म्हणाले, माझं झाड पाहू द्या. सगळा लवाजमा झाडाकडे निघाला आणि आम्ही मुलीही मागे गेलो. हेडक्लार्कनं पहिल्यांदाच ते कुलूप काढलं, गंजलेलं होतं, दगडानं ठोकावं लागलं. साहेबांनी एक फळ तोडलं, सालीत नख रोवलं, नाकाशी नेलं. तेही आमच्याच मुलखातले होते, शेतकरी होते.

“अरे! ही तं जंबेरी आहे!” साहेब म्हणाले. “मी तं संत्रा लावला होता ना?”

अध्यक्षांचा चेहरा मी जवळून पाहत होते. घाम फुटला, डोळे इकडून तिकडे गेले आणि बाबांवर येऊन थांबले. बाबा हौदाजवळ नळी घेऊन उभे होते.

“साहेब, माळ्यानं घोटाळा केला,” अध्यक्ष म्हणाले. “तुमचं कलम इकलं अन तिथं जंबेरी खोचली.”

एवढ्याच वेळात ती गोष्ट जन्माला आली. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. अध्यक्षांना स्वतःला एक क्षणापूर्वी ती माहीत नव्हती. साहेब हसले, “माणसं पाहून ठेवत जा बा बागेत,” म्हणाले, फळ मागच्या शिपायाच्या हातात दिलं आणि गाडीकडे चालू लागले. ते हसले म्हणून सगळे हसले. बागायतदार हसले, हेडक्लार्क हसला. आमच्या रांगेतल्या मुलीही हसल्या, काय चाललंय ते न कळताच. बाबांनी नळी खाली ठेवली आणि पाणी तसंच वाहत राहिलं.

लोक पांगल्यावर ते मला पिंजऱ्याकडे घेऊन गेले. दार अजून उघडंच होतं. खाली बसून त्यांनी बुडाशी बोट लावलं. तिथे वीतभर उंचीवर एक वाळलेला, काळा पडलेला खुटा होता. “हे पाह्य. हा संत्रा. मी भरलेला. इकलं असतं तं हा इथं असता काय?” हे त्यांनी मला सांगितलं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं.

चौकशी वगैरे झाली नाही. चौकशी केली असती तर तो खुटा सापडला असता. त्यांची बागेतून पाण्याच्या टाकीवर बदली केली, व्हॉल्व्ह उघडायला आणि बंद करायला. तिथे ते निवृत्त होईपर्यंत राहिले. मला शाळेत ‘जंबेरी’ म्हणून चिडवायचे, ते मी सहन केलं, पोरं कुणालाही काहीही म्हणतात. पण मळ्यांतून बोलावणी बंद झाली, ते मला आजही सहन होत नाही. कलम विकणाऱ्या माणसाला मळ्यात कोण घुसू देणार? ज्या बागायतदारांना खरं काय ते पक्कं ठाऊक होतं, त्यांनीही नाही बोलावलं. दरवर्षी हंगाम आला की बाबा तो चाकू काढून दगडावर लावायचे आणि मिटून परत ठेवायचे. बागेत त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. घरी यायला बागेवरून जवळचा रस्ता होता, ते लांबून यायचे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाव ती गोष्ट विसरलं असेल असं मला वाटत होतं. विसरलं नव्हतं, त्यानं ती दगडात कोरून ठेवली होती.

फोटो पाहिला त्याच आठवड्यात मी एसटीनं गेले. बागेत आधी शिरले. बाबांच्या बोगनवेली काढून तिथे प्लास्टिकचं गवत घातलंय. मेंदीच्या जागी स्टीलचा कठडा. फायबरचं हरीण, पत्र्याचं फुलपाखरू, त्याच्या पंखांमध्ये उभं राहून फोटो काढायचा. आणि जंबेरी आहे तिथेच आहे, म्हातारी, एका अंगानं पोखरलेली, पण फळलेली. तिच्याभोवती गोल ओटा बांधलाय, गुडघ्याच्या वर, लाल टाइल लावलेला. खुटा त्या ओट्याच्या आत गेला. मी ओट्यावर हात आपटला. फिरायला आलेले दोघं-तिघं थांबून बघायला लागले. बघेनात का.

नगरपरिषदेत एक तरुण अधिकारी भेटला. मुलगा वाईट नव्हता. बसा म्हणाला, चहा मागवला. मी सगळं सांगितलं.

“मॅडम, काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिल्या?” तो म्हणाला. “लोकांले ती स्टोरी भारी आवडते. सगळे तिथंच सेल्फी काढतात.”

“स्टोरी नाही ती, माझ्या वडलांवर चोरीचा आळ आहे. कुठून मिळाली तुम्हाला ही माहिती?”

“जुने लोक सांगतात.”

“कोण जुने?”

“असेच… सगळेच.”

मी म्हटलं, ओटा फोडा, आत पुरावा आहे. तो म्हणाला, ओटा नवीन कामात आहे, फोडायला वेगळी मंजुरी लागेल, आणि इतक्या वर्षांत खुटा कुजून गेला असेल. ते खरंही असेल. मग मी त्याला डोळा म्हणजे काय, खुंट म्हणजे काय, फुटवे न काढल्यानं काय होतं, हे कागदावर चित्र काढून समजावलं. शिकवायची सवय जात नाही. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि अर्ज घेतला. मी त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत परत आले.

महिन्यानं त्यानं स्वतः फोटो पाठवला, ‘करेक्शन केलं मॅडम’. फलकावर नवी पट्टी बसवली होती : ‘तत्कालीन माळ्याने वेळीच फुटवे न काढल्याने संत्र्याचे कलम नष्ट झाले व जंबेरी वाढली.’

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. चहा नको म्हटलं, बसलेही नाही.

“हे माझ्याच चित्रावरून केलं ना तुम्ही?” मी विचारलं. “चोर होते, आता हलगर्जी झाले. पिंजरा कुठे आहे यात? कुलूप कुठे आहे? त्यांनी परवानगी मागितली होती, अर्ज दिला होता, ते कुठे आहे?”

“मॅडम, अर्जाचा काही रेकॉर्ड नाही आपल्याकडं. अन फुटवे नाही काढले, हे तं तुम्हीच सांगतलं.” तोही आता वैतागला होता. “पिंजऱ्याच्या गजांतून हात जात होता, हेही तुम्हीच सांगतलं. गुपचूप काढून टाकायचे ना मंग. काहून नाही काढले त्याईनं?”

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही.

ते गेले होते. हेडक्लार्कनं हाकलल्यावर, अध्यक्षांनी हसण्यावारी नेल्यावर, एक दिवस सकाळी लवकर ते चाकू घेऊन बागेत गेले आणि मी त्यांच्या मागे गेले. आई आदल्या दिवशी म्हणाली होती की नोकरी गेली तर आपण कुठे जायचं, ते माझ्या डोक्यात बसलं होतं. बाबांनी गजांतून हात आत घातला आणि मी त्यांचा दंड धरला. दोन्ही हातांनी धरला. “बाबा, नका ना. पाटी आहे. साहेब रागावतीन,” असं म्हणून मी भोकाड पसरलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात बाहेर काढला. चाकू मिटला. मला कडेवर घेण्याइतकी मी लहान नव्हते, तरी घेतलं आणि घरी आणलं. पुढे सगळं झालं, चोर म्हणवून घेतलं, हुन्नर गेला, टाकीवर आयुष्य गेलं, पण या माणसानं एकदाही, रागातसुद्धा, मला म्हटलं नाही की त्या दिवशी तू रडली नसतीस तर.

हे सगळं मी त्या पोराला त्याच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. आवाज चढला होता, बाहेरचे लोक दारात आले. मी म्हटलं, हलगर्जीपणाच लिहायचा असेल तर माझा लिहा, मी सही करून देते. पण अकरा वर्षांच्या पोरीला एका पत्र्याच्या पाटीची एवढी भीती कुणी घातली, तेही लिहा. बापाच्या हातापेक्षा ऑफिसची पाटी मोठी, हे तिला कुणी शिकवलं, तेही लिहा. तो तुमच्या बागेचा इतिहास आहे. घरी येऊन मी खूप रडले. राग त्यांच्यावरचा होता की माझ्या स्वतःवरचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. दोन्हींवरचा होता, आणि माझ्या वाट्याचा मी कुणाला देणार नाही.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर पुन्हा फोटो आला. पट्टी काढली होती. शेवटचा परिच्छेदच गेला होता. त्या जागी दगड घासून गुळगुळीत केलेला. मैत्रिणींनी टाळ्या पाठवल्या. ‘जिंकलीस ग!’ एकीनं लिहिलं. धाकट्या भावाचा फोन आला, “झालं ना आता समाधान? मिटलं. आता सोड वं बाई.”

काय मिटलं? चोर म्हणून का होईना, बाबा त्या दगडावर होते. आता तिथे अध्यक्ष आहेत, तोच भांडीवाला, सगळ्यात वर. सभापती आहेत, मान्यवर आहेत, फरशीचे आणि फुलपाखराचे सौजन्यकर्ते आहेत. ज्यानं मुरमात सब्बल मारली, तलावातली माती वाहिली, तो नाही. मी फोन केला तेव्हा तो अधिकारी म्हणाला, “मॅडम, तुमचीच तक्रार होती ना? आता काहीच नाही ठेवलं. आता कोणाले वाईट वाटायचं कारण नाही.” त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझं काम केलं.

वहीच्या पानावरचा तो पहिला धरून काल मी तिसरा अर्ज पोस्टात टाकला. काढा असं त्यात नाही, लिहा असं आहे. ही बाग कोणी केली ते लिहा, एवढंच. त्याचंही काहीतरी उत्तर येईल, गोड भाषेत येईल. या ऑफिसात तीन अर्ज झाले, दोन भेटी झाल्या, एक फोन झाला. त्यांनी माझ्या वडलांना आधी चोर लिहिलं, मग हलगर्जी लिहिलं, मग पुसून टाकलं. आणि या सगळ्यात त्या टेबलापलीकडून मला अजून कुणी एकदाही विचारलेलं नाही, की त्यांचं नाव काय होतं.